रविवारचं पित्त

आमच्या खानदेशात माणूस उदास होत नाही, त्याला पित्त होतं. तो घाबरतही नाही, त्याला गॅस धरतो. पोराचं लग्न जमेना म्हणून झोप उडालेला बाप दवाखान्यात जाऊन 'छातीत जळजळतं' एवढंच सांगतो. आखाजीला माहेरी आलेली लेक परत सासरी निघते, एस.टी.त बसल्या बसल्या तिचं डोकं ठणकायला लागतं, आणि सगळे म्हणतात ऊन लागलं. पारावर कुणी विचारलंच की काय झालं, तर उत्तर ठरलेलं: "काही नही व्हयनं." एवढं बोलून माणूस पुन्हा छाती चोळत बसतो.

मीही याच पंथातला. धुळ्यात राहतो, शाळेत गणित शिकवतो, वय 52. गेल्या वर्षी मला दर रविवारी दुपारी बरगड्यांच्या खाली, अगदी मधोमध, आतून कुणी मूठ आवळल्यासारखं व्हायला लागलं. ओवा खाल्ला, जिरं चावलं, सोडा प्यायलो. डॉक्टरांनी तपासलं, कार्डिओग्राम काढला, सोनोग्राफी केली. सगळं नीट. गोळ्या मिळाल्या, त्याही घेतल्या. शेवटी बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला पित्त फक्त रविवारीच कसं होतं?"

गणिताच्या मास्तरला हे आधी सुचायला हवं होतं. आठवड्याच्या एकाच वाराला, एकाच वेळी होणारं दुखणं नुसत्या जठराचं नसतं. रविवारी दुपारी मी गावाकडे फोन करतो. अमळनेरजवळ आमचं गाव आहे, तिथे वडील आणि थोरला भाऊ राहतात. त्या फोनचं काय झालं ते पुढे सांगतो. आधी शरीर आणि भावना यांचा संबंध नक्की कसा असतो, ते नीट पाहू, कारण या विषयावर व्हॉट्सअॅपवर जे फिरतं त्यातलं निम्मं तरी चुकीचं आहे.

भाषेला आधीपासून ठाऊक

मराठी माणसाला हा विषय परका नाही. धसका बसला की पोटात गोळा येतो, वाईट बातमी ऐकली की छातीत धस्स होतं, दुसऱ्याचं दुःख पाहून काळीज चर्र होतं. संताप आला की तळपायाची आग मस्तकात जाते, निराशेने हातपाय गळतात, निरोप देताना गळा दाटतो. जीव तर एका जागी बसतच नाही. टांगणीला लागतो, वरखाली होतो, घुसमटतो आणि सगळं पार पडलं की भांड्यात पडतो. पोटात आपण काय काय ठेवलंय बघा: माया, कपट, गुपित, भीती. दुसऱ्याचं चांगलं झालेलं पाहवत नाही तेव्हा दुखतं तेही पोटातच.

हे वाक्प्रचार काव्य म्हणून जन्मले नाहीत. कुणाला तरी कधीतरी खरंच घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं आणि त्याने ते तसं सांगितलं. फिनलंडमधल्या संशोधकांनी 2013 च्या अखेरीस एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात फिनलंड, स्वीडन आणि तैवानमधल्या 701 लोकांना माणसाच्या आकृत्या देऊन विचारलं की अमुक भावना असताना शरीराचा कुठला भाग जागा झाल्यासारखा वाटतो आणि कुठला मंदावल्यासारखा, तिथे रंग भरा. रागाचा रंग डोक्यात, छातीत आणि हातांत भरला गेला, भीतीचा छातीत, आणि खिन्नतेत हातपाय फिके पडले. आनंद तेवढा सगळ्या अंगभर. 'हातपाय गळाले' म्हणणाऱ्या आपल्या आजीला हे कळायला संगणक लागला नव्हता.

पण इथेच एक मेख आहे. लोकांनी रंगवलं ते त्यांना *वाटलेलं* होतं. त्यांच्या शरीरात त्या क्षणी खरंच काय घडत होतं, हे कुणी मोजलं नव्हतं. कदाचित लोकांनी आपापल्या भाषेतले वाक्प्रचारच रंगवले असतील. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आतली खबर वर कशी जाते

डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा बाहेरची खबर देतात. आतलीही खबर सतत चालू असते: भूक, तहान, लघवीची घाई, ठोका, श्वास, आतड्यांची हालचाल. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 मध्ये आतून येणाऱ्या या संवेदनांचा वेगळा गट मांडला. इंग्रजीत या आतल्या जाणिवेला इंटरोसेप्शन म्हणतात, आपण अंतर्संवेदन म्हणू. मेंदूतून निघून छाती-पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची एक लांब नस आहे. आपल्याला वाटतं मेंदू हुकूम सोडतो आणि पोट ऐकतं. प्रत्यक्षात या नसेतले सुमारे 80 टक्के तंतू खालून वर जातात. पोटाला मेंदूकडून जेवढं ऐकावं लागतं, त्यापेक्षा त्याचं सांगणं जास्त आहे.

ही खबर मेंदूत ज्या भागांत पोहोचते त्यातला एक महत्त्वाचा भाग म्हणजे इन्सुला. तो कानशिलाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या घडीत दडलेला असतो. 2004 साली लंडनमधल्या संशोधकांना दिसलं की स्वतःच्या हृदयाचे ठोके नाडी न धरता ओळखायला सांगितलं, तर हा भाग जागा होतो, आणि ज्यांना ते चांगलं जमतं त्यांच्यात तो अधिक जागा होतो. तुम्हीही करून पाहा. शांत बसा, मनगटाला हात न लावता मिनिटभर ठोके मोजा, मग नाडी धरून ताडून बघा. माझा आकडा पहिल्यांदा 41 आला, नाडीने 76 सांगितले. आमच्या नववीतल्या एका पोराने बिनचूक सांगितले आणि वर विचारलं, "सर, तुम्हाला तुमचंच ऐकू येत नाही का?"

शेतकरी वाचकांसाठी वेगळ्या भाषेत सांगतो. विहिरीवरची मोटार रात्री चालू केली आणि ती फिरण्याऐवजी नुसती 'हुंऽऽ' करत राहिली, तर घरी खाटेवर पडलेल्या माणसालाही कळतं की एखादा फेज नाही. तो फेज कुठे गेला हे मात्र त्या आवाजावरून कळत नाही. स्टार्टरमध्ये बिघाड असेल, केबल तुटली असेल, डीपीवरचा फ्यूज उडाला असेल. त्यासाठी टॉर्च घेऊन उठावंच लागतं. शरीराच्या संवेदनेचंही तसंच आहे. काहीतरी बिनसलंय एवढं ती खात्रीने सांगते. काय बिनसलंय, ते आपण जाऊन बघायचं असतं.

धडधड कशाची?

विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1884 मध्ये सगळा क्रमच उलटा करून मांडला. आपण म्हणतो, बिबट्या दिसला, भीती वाटली, म्हणून पळालो. (त्याच्या उदाहरणात अस्वल होतं. रावेर-यावलच्या केळीत शिरतो तो बिबट्या.) जेम्स म्हणाला, आधी पाय पळतात, छाती धडधडते, आणि ती धडधड आपल्याला जाणवते तिचंच नाव भीती. डेन्मार्कच्या कार्ल लांगेने पुढच्याच वर्षी स्वतंत्रपणे जवळपास तेच मांडलं.

ऐकायला झकास वाटतं. पण वॉल्टर कॅनन यांनी 1927 मध्ये त्यातली गोम दाखवली. धडधड भीतीत होते, रागात होते, तापात होते, थंडीत कुडकुडतानाही होते. मग नुसत्या धडधडीवरून भावना कशी ओळखायची? यानंतर वर्षानुवर्षं वाद चालला. 1974 साली कॅनडात एक गमतीदार प्रयोग झाला. दरीवरच्या हलत्या झुलत्या पुलावरून आलेल्या तरुणांना एका मुलीने प्रश्नावली भरायला दिली आणि शंका असेल तर फोन करा म्हणून नंबर दिला. भक्कम पुलावरून आलेल्यांच्या तुलनेत झुलत्या पुलावरच्यांनी तिला जास्त फोन केले. पुलाची धडधड त्यांनी मुलीच्या खात्यावर टाकली, असा त्याचा अर्थ लावला गेला. आणि 2018 मध्ये दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासून संशोधकांनी सांगितलं की एकेका भावनेचा शरीरात ठरलेला असा ठसा काही सापडत नाही. एकच राग दहा वेळा दहा तऱ्हांनी उमटतो.

म्हणून 'गुडघे दुखतात म्हणजे अहंकार, कंबर दुखते म्हणजे पैशाची चिंता, खांदा म्हणजे जबाबदाऱ्यांचं ओझं' असे रंगीत तक्ते जे लोक पाठवतात, ते सरळ डिलीट करा. कापूस वेचणाऱ्या बाईची कंबर दुखते, कारण ती दिवसभर वाकून कापूस वेचते. तिला पैशाची चिंता आहेच, पण ती कंबर बघून ओळखायची गरज नाही.

आमच्या भागात आणखी एक हिशेब आधी लावायला हवा, तो उन्हाचा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना छाती धडधडली, चिडचिड झाली, डोकं जड झालं, तर स्वतःच्या अंतर्मनात डोकावण्याआधी माठातलं दोन तांबे पाणी प्या आणि सावलीत बसा. भूक, जागरण, सहावा कप चहा हे सगळे तसाच 'हुं' आवाज काढतात.

शरीराची खबर शिळीही असू शकते, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, रावेर तालुक्यातले. आयुष्यभर केळी लावली. मे-जूनमध्ये वादळ आलं की घडाने लगडलेली उभी बाग अर्ध्या तासात आडवी होते, हे त्यांनी तीनदा पाहिलं. आता शेत मुलांकडे आहे, ते पुण्यात चौथ्या मजल्यावर नातवंडांसोबत राहतात. पण संध्याकाळी वारा सुटून खिडकीचा पडदा फडफडला की त्यांच्या तळहातांना घाम येतो आणि मग ते कारण नसताना सुनेवर करवादतात. बिचाऱ्या सुनेला वाटतं भाजीत मीठ जास्त झालं. शरीराने केलेली नोंद खरी होती, फक्त ती दुसऱ्या वर्षाची आणि दुसऱ्या जागेची होती. हे त्यांच्या स्वतःच्याच एकदा लक्षात आलं, आणि आता वारा सुटला की ते उठून बाल्कनीत जातात, खाली नारळाची झाडं हलताना बघतात. करवादणं कमी झालंय. तळहात अजून ओले होतात.

अडखळणारी माणसं

शिकागो विद्यापीठात यूजीन जेंडलिन नावाचा एक तत्त्वज्ञ होता. व्हिएन्नात जन्मलेला, नाझींच्या काळात कुटुंबासह अमेरिकेत पोहोचलेला. कार्ल रॉजर्स या विख्यात मानसशास्त्रज्ञासोबत काम करताना त्याला प्रश्न पडला, समुपदेशनाने काही माणसं बरी होतात आणि काही वर्षानुवर्षं नुसती येत राहतात, असं का? त्याने आणि सहकाऱ्यांनी बैठकांच्या शेकडो ध्वनिफिती ऐकल्या. फरक समुपदेशकात सापडण्याऐवजी येणाऱ्या माणसाच्या बोलण्यात सापडला, तोही अगदी सुरुवातीच्या बैठकांपासून. घडाघडा बोलणाऱ्यांना फायदा कमी होत होता. ज्यांना होत होता ते मध्येच अडखळत, थांबत: 'राग नाही म्हणता येणार... तसं नाही... इथे काहीतरी आहे... कसं सांगू...' ते शरीरात काहीतरी चाचपत असत आणि त्याला नेमका शब्द शोधत असत.

या अजून शब्द न मिळालेल्या जाणवण्याला जेंडलिनने नाव दिलं 'फेल्ट सेन्स'. मराठीत मी त्याला *चाहूल* म्हणतो. पावलांचा आवाज आलाय, माणूस अजून दारात दिसलेला नाही. 1978 मध्ये त्याने ही चाचपडण्याची रीत सामान्य वाचकांना करता येईल अशी लिहून काढली, ती फोकसिंग म्हणून ओळखली जाते. तिच्या पायऱ्या सहा आहेत. त्या नुसत्या सांगितल्या तर कोरड्या वाटतात, म्हणून मी माझ्यावर काय बेतलं तेच सांगतो.

श्रावणातला रविवार होता, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाचा. गावी घरोघर कानबाई बसलेली, मी धुळ्यात, वह्या तपासायच्या म्हणून गेलो नव्हतो. दुपारी फोन केला. भाऊ म्हणाला, आबांना, म्हणजे वडिलांना, आज अंघोळ घालताना पाय घसरला, पण सांभाळलं. मग म्हणाला, "तुना वाटाना रोट ठेवेल शेतस." कानबाईचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात. मी बरं म्हटलं, फोन ठेवला, आणि मूठ आवळली गेली.

त्या दिवशी ओवा न खाता मी मागच्या खोलीत पंखा लावून खाटेवर बसलो. दार लोटलं. बाकीच्या कटकटी, वह्या, गॅसचा नंबर, पोरीची फी, एकेक करून मनातल्या मनात कोनाड्यात ठेवल्या. मग मुठीकडे लक्ष दिलं. सोपं नव्हतं. दोन मिनिटांत मन भाऊशी भांडायला निघून गेलं: त्याने विहिरीच्या खर्चाचं विचारल्याशिवाय ठरवलं, वगैरे. ते भांडण मी हजारदा केलेलं होतं, पाठ होतं. जेंडलिनची खूण इथे उपयोगी पडते: जे घडाघडा येतं, ते आधीच माहीत असलेलं असतं. त्याला बाजूला बसवलं आणि परत मुठीकडे आलो. कशी आहे? कडक. गरम नाही. मोठ्या लिंबाएवढी. आत ओढणारी.

मग शब्द लावून पाहिले, भांड्यावर झाकण बसवून बघावं तसे. 'राग?' काहीच हललं नाही. 'काळजी?' जरासं. म्हणजे चूक नाही, पण माप बसत नाही. 'ओझं?' उलट आणखी कडक. ओझं तर भाऊच्या डोक्यावर होतं, माझ्या कुठे? हा विचार आला आणि पोटात काहीतरी कळ उठल्यासारखं झालं. म्हणून तिथेच थांबलो आणि विचारलं, मुठीत काय आहे?

उत्तर शब्दांत आलं नाही. गोधडी आली. मी दहा-बारा वर्षांचा, रात्री गोधडीत गुडघे पोटाशी घेऊन पडलेला. रात्रीची लाईट आली की विहिरीवर मोटार लावून पिकाला पाणी भरायला जायचं असे, एक दिवस भाऊची बारी, एक दिवस माझी. थंडीत, चिखलात, सापकिरडाच्या भीतीत मला ते नको असायचं, म्हणून मी 'पोट दुखतं' सांगायचो. आणि ते खोटं वाटू नये म्हणून गोधडीच्या आत बरगड्यांखाली खरोखर मूठ दाबून धरायचो. आबा म्हणायचे, राहू दे, त्याचं पोट दुखतंय. भाऊ काही न बोलता टॉर्च उचलायचा. दारातून तो उजेड जायचा, मग बऱ्याच वेळाने लांबून मोटारीचा आवाज यायचा, आणि मूठ सोडून मी झोपायचो.

'बारी चुकवली.' हे दोन शब्द लावले आणि झाकण बसलं. मोठा श्वास आपोआप गेला, पोट गुरगुरलं, डोळ्यांत पाणी आलं. जेंडलिन ज्याला आतला सांधा सरकणं म्हणतो ते हेच असावं. मी सहा महिने समजत होतो की मला भावाचा राग येतो. राग होताही थोडा. पण खाली होतं ते वेगळंच आणि जरा लाजिरवाणं: आबांना अंघोळ घालायला मी तिथे नाही याचं मला *हायसं* वाटत होतं. दर रविवारी फोन ठेवताना सुटल्यासारखं वाटायचं, आणि त्या सुटण्याची लाज वाटायची. राग हा त्यावरचा सोयीस्कर पदर. भाऊ वाईट असला की मग माझं लांब असणं क्षम्य ठरत होतं.

आता गणिताचा मास्तर म्हणून एक कबुली देतो. चाळीस वर्षांपूर्वीची मूठ पोटात साठून राहिली होती, असं माझं म्हणणं नाही. पोट म्हणजे लोखंडी पेटी नव्हे. मेंदूने दुखऱ्या जागेला शोभेल अशी आठवण शोधून आणली असेल, हेही शक्य आहे. आठवणी अशा जुळवून येतात, आणि म्हणून शरीरातल्या संवेदनेवरून 'लहानपणी माझ्यासोबत अमुक झालंच असणार' असा निष्कर्ष काढू नये, कुणी काढून दिला तर त्याच्याकडे जाऊ नये. मला ती आठवण आधीपासून होती, फक्त रविवारच्या फोनशी तिचं नातं लावलं नव्हतं. नातं खरं की नाही याची कसोटी साधी: ते लागल्यावर शरीर सैलावतं का, आणि पुढे वागण्यात काही फरक पडतो का.

शब्द सापडला की बरं का वाटतं, याचीही थोडी कल्पना आहे. 2007 मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या एका प्रयोगात लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डाला या बदामाएवढ्या, धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची धावपळ कमी झालेली दिसली. नाव ठेवलं की भूत लहान होतं, एवढंच. काही माणसांना मात्र नाव सुचतच नाही. त्यांना विचारलं काय वाटतंय, तर ते 'घट्ट वाटतं', 'जड वाटतं' यापुढे जात नाहीत. पीटर सिफ्निओस या मनोविकारतज्ज्ञाने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला याला अॅलेक्सिथायमिया म्हटलं, ग्रीक शब्दांवरून: भावनेला शब्द नसणं. तो आजार नव्हे, स्वभावाची एक ठेवण आहे. लहानपणापासून 'पुरुषासारखा पुरुष आणि रडतो काय' ऐकलेल्या आमच्या पिढीतल्या पुरुषांना यात आपला चेहरा दिसेल. अशांना 'तुझ्या भावना सांग' म्हणून उपयोग नसतो. 'कुठे घट्ट वाटतं? केव्हापासून? कोण आलं की वाढतं?' असं विचारलं तर मात्र ते नीट उत्तर देतात, बैलाचा पाय का लंगडतो हे सांगावं इतक्या बारकाईने.

इगतपुरीची वाट वेगळी

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, म्हणजे विपश्यनाच की. भुसावळहून मुंबईच्या गाडीत बसलं की वाटेत इगतपुरी लागतं. तिथे सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेचं धम्मगिरी केंद्र 1976 पासून आहे, आणि आमच्याकडची बरीच माणसं दहा दिवस मौन पाळून आलेली आहेत. तिथेही अंगावरच्या वेदना-संवेदना पाहायच्याच असतात, पण त्यांना काही विचारायचं नसतं. खाज आली, गेली, मुंग्या आल्या, गेल्या; सगळं अनित्य आहे हे अनुभवायचं. जेंडलिनच्या रीतीत संवेदनेला बसायला पाट देऊन 'काय म्हणतेस?' विचारायचं असतं. दोन्ही चांगल्या, कामं निराळी. मला स्वतःला गप्पिष्ट रीत मानवली, शेजारच्या देशमुख आडनावाच्या गृहस्थांना न बोलणारी.

केव्हा बसू नये

छातीत दाब येतोय, घाम फुटलाय, हात किंवा जबडा भरून आलाय, धाप लागतेय, अशा वेळी खाटेवर बसून चाहूल घेत राहणं हा मूर्खपणा आहे. सरळ दवाखाना. बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका कधी नुसत्या मळमळीने, पाठदुखीने किंवा थकव्याने येतो, आणि मधुमेह असलेल्यांना छातीत कमी दुखू शकतं, म्हणून 'तिला टेन्शन आहे' म्हणणाऱ्या नातेवाइकांना खोलीबाहेर काढा. रक्त कमी असलं, थायरॉइड बिघडलं तरी धडधड होते. नंदुरबारच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर सिकलसेल पुष्कळ आहे. त्यात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून हाडांत, पोटात जीवघेण्या कळा येतात. अशा पोराला 'शाळा चुकवायचं नाटक' म्हणणारे लोक मी पाहिलेत. मी खोटं पोट दुखवलं म्हणून सगळ्यांचंच खोटं नसतं.

ज्यांना पॅनिकचे झटके येतात किंवा ज्यांच्यावर मोठा आघात झालेला आहे, त्यांनी हे एकट्याने करू नये. छातीकडे लक्ष दिल्याने त्यांची धडधड वाढते, मग भीती वाढते, मग धडधड आणखी वाढते. त्यांनी उलट बाहेर यायचं: डोळे उघडे, तळपाय फरशीवर, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने. सोबतीला जाणता माणूस असेल तरच आत. केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, नंबर 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. कापसाचा भाव पडलेल्या वर्षी हा नंबर घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवायला हरकत नाही.

माझं पुढे काय झालं ते सांगतो. पित्त पुरतं गेलं नाही. तपासाअंती असंही निघालं की रविवारी आमच्याकडे शेवभाजी असते, ती मी झणझणीत खातो, आणि त्याचा वाटा वेगळा. तिखट कमी केलं. दुपारचा फोन मात्र बदलला. आता मी भाऊला भाव-बाजार न विचारता आबांनी काय खाल्लं, रात्री किती वेळा उठावं लागलं ते विचारतो. तो सुरुवातीला संशयाने उत्तर द्यायचा.

दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस गावी राहिलो. आबांना अंघोळ मी घालत होतो. पहिल्या दिवशी पाणी जास्त गरम झालं, त्यांनी शिवी हासडली. गोधडीची गोष्ट भाऊला सांगावी की नाही, हे ठरत नव्हतं. तिसऱ्या रात्री जेवताना सांगून टाकली. त्याने भाकरीचा घास मोडला आणि म्हणाला, "माले माहीत व्हतं." मग बराच वेळ काही बोलला नाही. हात धुऊन आला आणि टॉर्च माझ्या पुढ्यात ठेवली. "आज तुनी बारी शे."

रात्री साडेबाराला लाईट आली. विहिरीवर गेलो, बटण दाबलं. मोटार नुसती हुं करत राहिली. बंद केली, पुन्हा लावली, पुन्हा तेच. शेवटी भाऊला फोन लावला. तो झोपेतच म्हणाला, "डीपीवर देख, फ्यूज उडेल व्हई," आणि फोन ठेवून दिला.